आगन्तुकवत्त आणि श्रीलंकेची धम्मयात्रा

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात प्रवासाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. येथे 'विहार' हा शब्द मौजेने हिंडणे या अर्थी आला असून त्यात मृगयेचाही समावेश होतो. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय होत असे, तेही लेखात नमूद आहे : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, आणि धम्माविषयी उपदेश व विचारपूस. याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. धम्मयात्रेची ही व्याख्या महाराष्ट्राच्या भूमीवरच कोरलेली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

श्रीलंकेशी आपला संबंध जुना आहे. धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकले. पुढे नागपूरला दीर्घकाळ राहिलेले भदन्त आनंद कौसल्यायन १९२८ साली श्रीलंकेतच भिक्खू झाले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे-जून महिन्यांत जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने कँडी व कोलंबो येथे गेले होते. आज महाराष्ट्रातून उपासक-उपासिकांचे गट तेथे जातात. त्यांत निवृत्त कर्मचारी असतात, महिला मंडळाच्या भगिनी असतात, आणि आयुष्यात प्रथमच पासपोर्ट काढलेले कित्येक जण असतात. अनेक वर्षांच्या बचतीतून ही यात्रा घडत असते. अशा यात्रेत तिसऱ्याच दिवशी आजारपण आले, ऐन पूजेच्या वेळी पोशाखामुळे दारात थांबावे लागले, किंवा फसवणूक होऊन पैसे संपले, तर ती हानी सहजी भरून निघत नाही. म्हणून यात्रेची व्यावहारिक बाजू दुय्यम मानू नये.

या बाबतीत विनयपिटक आपल्याला एक उत्तम चौकट देते. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात 'आगन्तुकवत्त' म्हणजे परस्थानी येणाऱ्या भिक्खूची कर्तव्ये आणि 'गमिकवत्त' म्हणजे तेथून निघणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. हे नियम कसे उत्पन्न झाले, त्याची कथाही तेथे आहे. बाहेरून येणारे काही भिक्खू पायात वहाणा घालून, छत्री धरून, डोके झाकून आरामात शिरत. पिण्याच्या पाण्याने पाय धुवीत. वडीलधाऱ्या भिक्खूंना वंदन करीत नसत आणि निवासाविषयी विचारीत नसत. एकाने तर रिकाम्या विहाराचे दार घाईने उघडले आणि वरून साप त्याच्या खांद्यावर पडला. त्यानंतर भगवंतांनी आगन्तुकवत्त घालून दिले. त्याचा आशय थोडक्यात असा : हळू प्रवेश करा, करण्याआधी विचारा, यजमानाचे पाणी जपा, आणि तेथील संघाचे ठराव पाळा. पुढील सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

निघण्यापूर्वी : काळ आणि कागद

श्रीलंका विषुववृत्ताच्या जवळ आहे. तेथे आपल्यासारखा हिवाळा नाही. ऋतू ठरतात ते पावसावरून. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो, दक्षिण किनारा व मध्य पर्वतभागाचा पश्चिम उतार भिजवतो. ईशान्य मोसमी पाऊस साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर व पूर्व भागांत पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन मोसमांच्या मधला पाऊस देशभर दुपारनंतर गडगडाटासह येतो. अनुराधपूर व पोलोन्नरुव ही स्थळे कोरड्या पट्ट्यात आहेत. म्हणून कोलंबोत मुसळधार पाऊस असताना अनुराधपुरात कडक ऊन असू शकते. कोलंबो, कँडी व अनुराधपूर ही तिन्ही ठिकाणे एकाच यात्रेत पाहावयाची असतील तर फेब्रुवारी व मार्च हे महिने सोयीचे पडतात. नुवर एळिय हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,८६८ मीटर उंचीवर आहे. तेथे रात्री स्वेटर लागतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही विचार करावा. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस 'दित्वा' चक्रीवादळाने श्रीलंकेत पूर व दरडी यांमुळे मोठी जीवितहानी केली आणि डोंगराळ भागातील रस्ते व लोहमार्ग यांचे फार नुकसान झाले. डोंगरातील प्रवास ठरविण्यापूर्वी मार्ग सुरू आहे की नाही, याची ताजी चौकशी अवश्य करावी.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. प्रवेशाची पूर्वपरवानगी संगणकाद्वारे घेतली जाते. तिचे शुल्क व अटी अलीकडच्या वर्षांत वारंवार बदलल्या आहेत. म्हणून श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करावा. त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे घेतात. पासपोर्टच्या दोन छायाप्रती काढून एक सहप्रवाशाकडे द्यावी. पासपोर्ट हरवल्यास कोलंबो येथे भारतीय उच्चायोग व कँडी येथे सहायक उच्चायोग आहे.

गटाने जाताना आयोजकाकडून लेखी विचारून घ्यावे : परवानगीचे शुल्क, स्थळांची प्रवेश-तिकिटे, दोन्ही वेळचे भोजन, प्रवास-विमा, एका खोलीत किती जण, ही सर्व रक्कम सांगितलेल्या खर्चात धरली आहे काय? सीगिरिय, पोलोन्नरुव यांसारख्या स्थळी परदेशीयांचे तिकीट बरेच महाग असते. सार्क देशांच्या नागरिकांना बहुधा सवलत मिळते, मात्र ती खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखविल्यासच. ही एक गोष्ट माहीत नसल्याने कित्येक जण दुप्पट पैसे भरतात.

भारतीय रुपया तेथील बाजारात चालत नाही. चलन विमानतळावरील बँकेत किंवा अधिकृत केंद्रात बदलून पावती जपावी. फेब्रुवारी २०२४ पासून भारतातील यूपीआय पद्धतीने काही दुकानांत पैसे देता येतात; तथापि विहार, लहान खानावळी व रिक्षा यांसाठी सुट्या नोटा जवळ असाव्यात. घड्याळ बदलण्याची गरज नाही, कारण २००६ पासून दोन्ही देशांची वेळ एकच आहे. विजेच्या प्लगचे छिद्र बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे असते, म्हणून जोडणी बरोबर न्यावी.

उष्मा, पाणी आणि शरीर

विदर्भ-मराठवाड्यातील माणसाला उन्हाची भीती वाटत नाही. परंतु तेथील उष्मा वेगळा आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि त्यामुळे अंग थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही. तो नुसताच वाहतो, शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि अंगातील उष्णता मात्र कायम राहते. म्हणून पारा ३२ अंशांवर असूनही वयस्कर माणसास चक्कर येते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, क्षार-संजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत, आणि सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत चढण चढू नये. रस्त्याच्या कडेला 'तॅम्बिलि' नावाचे केशरी शहाळे मिळते. ते आपल्यासमोर फोडून घ्यावे. पिण्याचे पाणी उकळलेले अथवा सीलबंद असावे. बर्फ टाळणे बरे.

रक्तदाब, मधुमेह इत्यादींची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. सामान उशिरा पोहोचले तरी त्यामुळे औषधाचा खंड पडत नाही.

डासांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तेथे डेंग्यू आहे, आणि तो पसरवणारा डास दिवसा चावतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे व अंगाला लावण्याचे डासरोधक आवश्यक आहे. परंतु हिवतापाच्या बाबतीत धोका आपल्याला नसून आपल्यापासून आहे. हिवताप वाहून नेणारे डास तेथे अजून आहेत. बाहेरून रोगजंतू घेऊन आलेला एक प्रवासी पुन्हा साथ सुरू करू शकतो. प्रवासात ताप आल्यास तो अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जावे आणि आपण भारतातून आलो आहोत, हे आपणहून सांगावे. पिण्याच्या पाण्याने पाय धुणाऱ्या आगन्तुकांना विनयाने जे शिकविले, त्याचेच हे आजचे रूप होय.

माकडे व भटकी कुत्री पुरातन स्थळी पुष्कळ आहेत. पूजेची फळे उघड्या हातात धरल्यास माकडे झडप घालतात. ओरखडा वा चावा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. अवशेषांच्या गवतात, दगडांच्या कपारीत हात घालू नये व संध्याकाळनंतर तेथे फिरू नये. सापांचे प्रमाण लक्षणीय आहे. वत्तक्खन्धकात रिकाम्या निवासाचे दार ठोठावून, क्षणभर थांबून, बाहेर उभे राहूनच आत पाहण्यास सांगितले आहे, ते उगीच नव्हे. हबरणच्या परिसरात सायंकाळनंतर रस्त्यावर हत्ती येतात. तेथील प्रवास दिवसाउजेडी उरकावा. रुग्णवाहिकेचा विनामूल्य क्रमांक १९९० असून ही सेवा २०१६ साली भारताच्या साहाय्याने सुरू झाली. पोलिसांचा क्रमांक ११९ आहे.

समुद्राबाबत इतकेच सांगणे पुरे की, मे ते सप्टेंबर या काळात पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आणि ईशान्य मोसमाच्या काळात पूर्व किनाऱ्यावर पाण्याला ओढ फार असते. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये; लाल निशाण असेल तेथे कोणीच उतरू नये.

विहाराच्या दारात

आरामात शिरताना वहाणा काढून, झटकून हातात घ्याव्यात, छत्री खाली करावी, डोके उघडे करावे आणि घाई न करता आत जावे, असे आगन्तुकवत्त सांगते. श्रीलंकेत हा नियम आजही अक्षरशः पाळला जातो, तोही गृहस्थांकडून. स्तूपाच्या पहिल्या फरसबंदीपाशीच पादत्राणे व टोपी काढावी लागते. अनुराधपुरातील रुवन्वेलिसेय किंवा मिहिन्तले येथील दगड दुपारी चटका देतो. बहुतेक ठिकाणी जाड मोजे घालू देतात, तरी विचारून घालावेत. पहाटे किंवा सायंकाळी जाणे हाच उत्तम उपाय होय. मिहिन्तलेच्या पायऱ्या अठराशेंहून अधिक आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी बऱ्याच वरपर्यंत वाहनाचा रस्ता आहे, त्यात संकोच मानू नये.

खांदे व गुडघे झाकणारा पोशाख स्त्री-पुरुष दोघांसही आवश्यक आहे. आपल्याकडील शुभ्र साडी व सदरा-लेंगा तेथे अगदी स्थानिक वाटतो, कारण उपोसथाच्या दिवशी तेथील उपासकही शुभ्र वस्त्रेच नेसतात. अंगावर बुद्धप्रतिमा असलेला सदरा, शाल किंवा गोंदण यांविषयी मात्र सावध राहावे. आपल्याकडे असा सदरा अभिमानाने घातला जातो; तेथे बुद्धप्रतिमा वस्त्रावर वा शरीरावर असणे हा अवमान मानला जातो. २०१४ साली दंडावरील बुद्धाच्या गोंदणावरून एका ब्रिटिश प्रवासी स्त्रीस देशाबाहेर पाठविण्यात आले होते. असे गोंदण असल्यास ते कायम झाकलेले असावे.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. २०१२ साली मूर्तीशी अनुचित वर्तन करून छायाचित्रे काढणाऱ्या फ्रेंच प्रवाशांना न्यायालयाने शिक्षा दिली होती. दंबुल्लच्या पाच लेण्यांतील चित्रांवर प्रकाशझोत टाकू नये. श्री महाबोधी येथे १९८५ साली व कँडीच्या दळदा मालिगाव येथे १९९८ साली हल्ले झाले होते. म्हणून तेथे झडती होते. ती शांतपणे होऊ द्यावी. कँडीला पहाटे, सकाळी व सायंकाळी अशा तीन वेळा पूजा होते. त्या वेळी दन्तधातूचा करंडक असलेले दालन उघडते; प्रत्यक्ष धातूचे दर्शन रोज होत नाही, हे आधीच माहीत असावे.

भिक्खूंना काही द्यावयाचे असल्यास दोन्ही हातांनी द्यावे. भगिनींनी ती वस्तू थेट हाती न देता वस्त्रावर अथवा मेजावर ठेवावी. भिक्खूंपेक्षा उंच आसनावर बसू नये. पाय त्यांच्याकडे किंवा मूर्तीकडे पसरू नयेत. भोजनदान मध्यान्हापूर्वीच व्हावे लागते, म्हणून गटाने दान ठरविले असेल तर विहारास एक-दोन दिवस आधी कळवावे. त्रिसरण व पंचशील हे तेथेही पालीतच म्हटले जातात. उच्चाराची लकब थोडी निराळी असते. परंतु आपण म्हणू लागलो की तेथील लोक आपल्याबरोबर म्हणू लागतात. भाषा येत नसतानाही हा एक धागा आपल्यापाशी असतो.

पाणी कोठे, भिक्षेचे गाव कोठे

पिण्याचे पाणी कोणते, वापरण्याचे कोणते, भिक्षेसाठी कोणत्या गावात जावे, शौचाची जागा कोठे, हे सर्व आगन्तुकाने विचारावे असा नियम आहे. विचारण्यासाठी शब्द हवेत. सिंहल ही भाषा पालीच्या नात्यातील असल्याने अभ्यासकाला अनेक शब्द ओळखीचे वाटतात : 'गम' म्हणजे गाम, 'बो' म्हणजे बोधी, 'वेहेर' म्हणजे विहार, 'दागब' म्हणजे धातुगब्भ, 'पिन' म्हणजे पुञ्ञ. रोजच्या उपयोगाचे शब्द असे : 'आयुबोवन' हे अभिवादन, 'वतुर' म्हणजे पाणी, 'कोहेद' म्हणजे कोठे, 'कीयद' म्हणजे किती पैसे, 'एपा' म्हणजे नको, 'स्तुतियि' म्हणजे आभार. भिक्खूंना 'हामुदुरुवो' असे संबोधतात. उत्तर व पूर्व भागांत आणि चहाच्या मळ्यांत तमिळ बोलली जाते.

भोजन म्हणजे भात व त्याबरोबर चार-सहा कालवणे. शाकाहारी व्यक्तीने लक्षात ठेवावे की, 'उम्बलकड' नावाच्या वाळवलेल्या माशाचा चुरा भाजीत व खोबऱ्याच्या सांबोळात सर्रास घालतात. 'भाजी आहे' असे उत्तर मिळाले तरी तीत मासा असू शकतो. 'मस् एपा, मालु एपा, उम्बलकड एपा' असे तिन्ही शब्द उच्चारावेत. तिखट आपल्याइतकेच, कधी अधिकही असते. सकाळी मिळणारी 'कोल केन्द' ही पाला व तांदळाची पेज वयस्करांस मानवते.

संघाची कतिका

आगन्तुकाने संघाची 'कतिका' म्हणजे सामूहिक ठराव विचारावा, केव्हा आत यावे व केव्हा बाहेर जावे हे जाणून घ्यावे, असे विनय सांगतो. श्रीलंकेच्या समाजाची सर्वांत मोठी कतिका म्हणजे 'पोय'. हा शब्द 'उपोसथ' यापासून आला आहे. प्रत्येक पौर्णिमा ही तेथे सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी मद्य व मांस यांची विक्री बंद असते. बँका व कार्यालये बंद असतात. विहार पहाटेपासून भरलेले असतात. पैसे बदलणे, तिकिटे काढणे ही कामे आदल्या दिवशी करून ठेवावीत.

मे महिन्यात वेसक, तर जूनमध्ये पोसोन येतो. महिन्द थेर व राजा देवानंपिय तिस्स यांची मिहिन्तले येथे जी भेट झाली, तिचे स्मरण पोसोनला केले जाते. डिसेंबरच्या उन्दुवप पौर्णिमेस संघमित्ता थेरी बोधिवृक्षाची शाखा घेऊन आल्या, असे मानतात. आपल्या भगिनींना हा दिवस विशेष वाटावा. वेसक व पोसोनला रस्तोरस्ती 'दन्सल' म्हणजे दानशाळा उघडतात आणि कोणालाही विनामूल्य भोजन मिळते. रांगेत उभे राहून ते जरूर घ्यावे. तेथे पैसे देऊ करणे हा दात्याचा अवमान ठरतो. या दिवसांत अनुराधपुरात निवास मिळणे कठीण असते, म्हणून काही महिने आधी व्यवस्था करावी.

कोलंबोहून अनुराधपूर सुमारे २०० किलोमीटर व कँडी सुमारे ११५ किलोमीटर आहे. अंतर लहान वाटले तरी रस्ते वळणाचे असल्याने वेळ लागतो. वयस्करांच्या गटाने अनुराधपुरास किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत. आठ महास्थाने, ज्यांना 'अटमस्थान' म्हणतात, एका दिवसात धावत पाहिल्यास काहीच मनात राहत नाही. कँडीकडे जाताना मातलेजवळचे अलुविहार चुकवू नये. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, मुखोद्गत तिपिटक ताडपत्रांवर उतरविले गेले ते येथेच, अशी परंपरा आहे. अनेक सहलींच्या कार्यक्रमात हे स्थळ नसते. त्याच रस्त्यावरील मसाल्यांच्या बागा मात्र असतात, कारण तेथील विक्रीवर चालकास दलाली मिळते. रत्नांच्या दुकानांचेही तसेच आहे. 'आम्हास अलुविहारात तासभर थांबवा, बागेत नको' असे सर्वांनी मिळून सौम्यपणे सांगितले की चालक ऐकतो. रिक्षा मीटरची पाहावी किंवा भाडे आधी ठरवावे. विहाराबाहेर पावतीपुस्तक घेऊन वर्गणी मागणाऱ्यास न देता दान आतील पेटीतच टाकावे.

मन अस्वस्थ करणाऱ्या काही गोष्टी

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासकास श्रीलंकेतील अनेक विहारांच्या आवारात विष्णू, कतरगम इत्यादींची 'देवाले' पाहून धक्का बसतो. ही वस्तुस्थिती आधीच माहीत असावी. आपण तेथे नमस्कार करावा, अशी कोणाची सक्ती नसते. बुद्धमूर्ती, स्तूप व बोधिवृक्ष यांना वंदन करून आपण पुढे जावे. कोणी विचारल्यास बाबासाहेबांनी आपल्याला कोणत्या प्रतिज्ञा दिल्या, हे शांतपणे सांगावे. मात्र पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या बाईसमोर उपहासाने हसणे हे आगन्तुकाचे वर्तन नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक क्लेशकारक आहे. तेथील सिंहल समाजात जाती आहेत आणि त्यांची छाया संघावरही पडली आहे. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायात उपसंपदा गोयिगम या वरिष्ठ गणल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. त्यामुळेच इतर जातींतील सामणेरांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ साली अमरपूर निकाय अस्तित्वात आला. १८६४ साली रामञ्ञ निकाय निघाला. भिक्खुनीसंघाचे पुनरुज्जीवन १९९६ साली सारनाथ येथे व १९९८ साली बोधगया व दंबुल्ल येथे झालेल्या उपसंपदांनी झाले, तरी सर्व निकायांची मान्यता त्यास लाभलेली नाही. हे जाणून गेल्यास आपला श्रद्धाभंग होत नाही. उलट धम्म आणि धम्म मानणारा समाज यांतील अंतर ओळखण्याची बाबासाहेबांनी दिलेली दृष्टी तेथे उपयोगी पडते.

चहाच्या मळ्यांतून जाणारी आगगाडी सर्वांना आवडते. त्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या स्त्रिया ज्यांच्या वंशज आहेत, ते मजूर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तमिळ प्रदेशातून नेले, आणि त्यांतील मोठा भाग अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींचा होता. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्य लोक देशहीन झाले होते. १९५० च्या भेटीत बाबासाहेबांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्माकडे येण्याचे आवाहन केले होते. म्हणून त्या स्त्रियांचे छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि चार शब्द बोलता आले तर बोलावे. जनपदातील लोकांची भेट हे अशोकाच्या धम्मयात्रेचे एक अंगच होते. १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धाने सिंहल व तमिळ अशा दोन्ही घरांत माणसे गेली आहेत. त्या विषयावर आपण मत देऊ नये. कोणी सांगू लागल्यास ऐकून घ्यावे.

निघताना

गमिकवत्तानुसार निघणाऱ्या भिक्खूने लाकडी व मातीची भांडी जागच्या जागी ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात, आणि निवास कोणाच्या तरी स्वाधीन करून, सांगून निघावे. विहाराच्या धर्मशाळेत राहिलेल्या गटाने हे अक्षरशः करावे : अंथरुणाच्या घड्या घालाव्यात, खोली झाडावी, नळ व दिवे बंद करावेत, विश्वस्तांना भेटून दान द्यावे व मगच वाहनात बसावे. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्या गटाचे स्वागत कसे होईल, ते यावर ठरते.

सोबत काय आणावे, याचीही मर्यादा आहे. पुरातन विटेचा तुकडाही उचलू नये. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे. श्री महाबोधीचे आपोआप गळलेले पान मिळाल्यास ते वहीत ठेवावे, फांदीचे तोडू नये. बोधिवृक्षाचे रोप आणण्याची इच्छा अनेकांना होते. परंतु भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व रोगमुक्तीचे प्रमाणपत्र यांवाचून रोप आणता येत नाही, ते विमानतळावर काढून घेतले जाते. परतल्यावर काही आठवड्यांच्या आत ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाविषयी सांगावे.

प्रत्येक गटाने परत आल्यानंतर आपल्या विहारात एका रविवारी बसून खर्चाचा हिशेब, निवासाचे अनुभव, कोणाला कोणता त्रास झाला व कोठे वेळ कमी पडला, हे वहीत लिहून ठेवावे. ती वही पुढील गटाच्या हाती दिल्यास, आयुष्यभराची बचत मोडून निघालेल्या एखाद्या आजीबाईंची यात्रा थोडी अधिक सुखकर होईल.